जटायूचा जबाब

रामायणातल्या जटायूला, पोलिसी भाषेत सांगायचे तर, मृत्युपूर्व जबाब देता आला. पंख छाटले गेले होते, रक्त वाहून गेले होते, पण राम-लक्ष्मण येईपर्यंत त्याने प्राण धरून ठेवला. कोणी मारले, कशासाठी मारले आणि मारणारा कोणत्या दिशेला गेला, एवढे सांगून मगच त्याने डोळे मिटले. नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यात सर्वतीर्थ टाकेद आहे. ही घटना तिथेच घडली अशी श्रद्धा आहे. लहानपणी कीर्तनात हा प्रसंग आला की आजी पदराने डोळे पुसत असे.

जटायूच्या वंशजांना मात्र ही सोय नव्हती. नव्वदच्या दशकात भारतभरची गिधाडे झाडांवरून टपाटप खाली पडू लागली, तेव्हा कोणी मारले हे सांगायला एकही जिवंत राहिले नाही. तो जबाब माणसाला त्यांच्या कलेवरांतून वाचून काढावा लागला. त्याला काही वर्षे लागली आणि तेवढ्या वर्षांत एक सबंध पक्षिकूळ नाहीसे होण्याच्या काठावर आले. त्या शोधाची आणि त्यातून आज आपल्या मध्य प्रदेशापर्यंत पोहोचलेल्या उपग्रह-टॅगची ही गोष्ट आहे. तिचा एक महत्त्वाचा अध्याय पुण्यात घडला आणि एक आपल्या अंगणात घडतो आहे.

माळव्याचे आकाश

इंदूरजवळच्या एका धबधब्याचे नाव गिद्धिया खोह. खोह म्हणजे घळ. पावसाळ्यात आपल्यापैकी अनेक जण तिथे डबे घेऊन गेले असतील, पण गिधाडांची घळ हे नाव तिला का पडले असेल याचा विचार फार थोड्यांनी केला असेल. आमच्या पिढीला तो करावा लागला नाही, कारण तेव्हा गिधाडे होतीच. गावाबाहेर मेलेले ढोर टाकले की तासाभरात आकाशात ठिपके फिरू लागत. संध्याकाळपर्यंत नुसता सांगाडा उरे. गिधाड म्हणजे शिवी, अपशकुन. घरावर बसले तर शांत करायची. त्यामुळे ती दिसेनाशी झाली तेव्हा कुणी हळहळले नाही. खरे तर कुणाच्या लक्षातच आले नाही. चिमण्या कमी झाल्या हे आपण एकमेकांना सांगितले. गिधाडे गेली हे आपण मुलांना चित्र दाखवताना आठवले.

आकडे पाहिले तर विश्वास बसत नाही. पांढऱ्या पाठीचे गिधाड हा १९८० च्या दशकात जगातला सर्वांत विपुल असलेला मोठा शिकारी वर्गातला पक्षी मानला जाई. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातली त्याची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. म्हणजे हजारातले एक उरले. लांब चोचीच्या आणि बारीक चोचीच्या गिधाडांचीही जवळजवळ ९७ टक्के घट झाली.

भरतपूरची मोजणी

ही पडझड शास्त्रीयदृष्ट्या पहिल्यांदा नोंदली गेली ती भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात. मुंबईत १८८३ साली स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही संस्था आपल्याला परिचित आहे. तिचे डॉ. विभू प्रकाश यांनी १९८७-८८ च्या हंगामात तिथे पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या ३५३ जोड्या मोजल्या होत्या. नऊ वर्षांनी ते पुन्हा गेले तेव्हा दीडशेच्या आसपास उरल्या होत्या. त्यानंतर दोन-तीन हंगामांत घरटी ओस पडली. झाडांवर गिधाडे मान खाली टाकून तासन् तास बसत, जणू डुलकी लागली आहे. मग एके दिवशी खाली पडत.

कारण काय? संशयितांची यादी लांब होती. अन्न कमी झाले असेल. पण कलेवरे तर तशीच पडून कुजत होती, खाणारेच नव्हते. शेतातली कीटकनाशके असतील. पण त्यांचे प्राणघातक प्रमाण सापडत नव्हते. घरट्यांची झाडे तुटली असतील. पण संरक्षित उद्यानातली झाडे उभी होती आणि पक्षी मरत होते. एक-एक संशयित सुटत गेला.

पुण्याचे टेबल

मेलेल्या पक्ष्याचा जबाब घ्यायचा तर शवविच्छेदन करावे लागते, आणि पक्ष्यांचे शवविच्छेदन रोजच्या रोज करणारे हात त्या काळी कुठे होते? कोंबड्यांच्या रोगांचे निदान करणाऱ्या प्रयोगशाळेत. पुण्याच्या पोल्ट्री डायग्नोस्टिक अँड रिसर्च सेंटरमध्ये ही गिधाडे तपासली गेली. २००३ साली या तपासणीवर आधारलेला जो शोधनिबंध प्रसिद्ध झाला त्याच्या लेखकांत लंडनचे अँड्र्यू कनिंगहॅम, विभू प्रकाश, असद रहमानी यांच्याबरोबर घळसासी, कोलते, निघोट, क्षीरसागर ही नावे आहेत. आपल्या ओळखीची, आपल्या आडनावांची माणसे.

त्यांना काय दिसले? अनेक गिधाडांच्या यकृतावर, हृदयाच्या आवरणावर, मूत्रपिंडांवर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर होता. हे यूरिक आम्लाचे स्फटिक. मूत्रपिंडे बंद पडली की पक्ष्याच्या रक्तात ते साचते आणि अवयवांवर बसते. कोंबड्यांच्या डॉक्टरांना ही स्थिती चांगली ठाऊक असते. तिला ते व्हिसरल गाउट म्हणतात. पण गाउट हा परिणाम आहे, कारण नव्हे. मूत्रपिंडे कशाने बंद पडली? मृत्यू सर्व वयांच्या पक्ष्यांत होते, दूरदूरच्या प्रदेशांत होते, ऊतकांत दाहाच्या खुणा होत्या आणि ओळखीचे विष सापडत नव्हते. तेव्हा निबंधाने सावधपणे, शीर्षकातच प्रश्नचिन्ह ठेवून, विचारले की हा एखादा साथीचा रोग असेल का?

तो अंदाज चुकला. पण त्याला हसण्यात अर्थ नाही. हाताशी असलेल्या पुराव्यावरून कोणताही प्रामाणिक वैद्य तिथेच पोहोचला असता. अडचण पुराव्याची होती. उन्हाळ्यात मेलेला पक्षी एका दिवसात कुजतो. शास्त्रज्ञांच्या हाती ताजी कलेवरे फार थोडी आली. आणि जे विष शोधायचे हेच ठाऊक नाही, ते प्रयोगशाळेत सापडत नाही.

उत्तर आले पलीकडून

त्याच सुमारास पाकिस्तानच्या पंजाबात पशुवैद्य लिंडसे ओक्स आणि त्यांचे सहकारी गिधाडांच्या वसाहतींवर सतत पाळत ठेवून होते. सतत पाळत म्हणजे ताजी कलेवरे. संसर्ग शोधून झाला, कीटकनाशके व जड धातू शोधून झाले. मग त्यांनी प्रश्न उलटा केला. गिधाड खाते काय? पाळीव जनावरांचे मांस. मग पोटातून शोषले जाणारे, मूत्रपिंडांना इजा करणारे आणि अलीकडेच जनावरांना देऊ लागलेले औषध कोणते? त्यांनी पशुवैद्यकीय औषधविक्रेत्यांकडे चौकशी केली. तिन्ही अटींत बसणारे नाव एकच निघाले, डायक्लोफिनॅक.

हे औषध आपल्याला अनोळखी नाही. गुडघेदुखी, कंबरदुखीसाठी आपल्यापैकी कित्येकांच्या औषधांच्या डब्यात ते असते. लंगडणाऱ्या बैलाला, ताप आलेल्या म्हशीलाही ते स्वस्तात टोचले जाऊ लागले होते. मूत्रपिंडांचा गाउट झालेली २५ गिधाडे तपासली. २५ च्या २५ मध्ये डायक्लोफिनॅकचा अंश सापडला. गाउट नसलेली १३ तपासली. एकातही सापडला नाही. मग औषध दिलेल्या जनावरांचे मांस बंदिस्त गिधाडांना खाऊ घातले तेव्हा तशाच पांढऱ्या थरासह मृत्यू घडून आले. २००४ साली 'नेचर' या नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले. भारत आणि नेपाळमधल्या नमुन्यांतही तेच आढळले, आणि कोडे सुटले.

गणित करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. एवढी मोठी घट होण्यासाठी शंभरातल्या एका कलेवरातही हे औषध असण्याची गरज नव्हती. एका ढोरावर पन्नास-साठ गिधाडे जेवतात. पंगतीतले एक पान विषारी असावे आणि सगळ्या पंगतीने त्याच पानातून जेवावे, तसे हे होते.

२००६ च्या मे महिन्यात भारताने पशुवैद्यकीय डायक्लोफिनॅकवर बंदीची कारवाई सुरू केली. त्याच वर्षी मेलॉक्सिकॅम हे पर्यायी औषध गिधाडांना सुरक्षित असल्याचे सिद्ध झाले. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या जनावरांना वापरल्या जाऊ लागल्या म्हणून २०१५ मध्ये त्यांचा आकार ३ मिलिलिटरवर आणला गेला. २०२३ मध्ये जनावरांसाठी किटोप्रोफेन आणि असेक्लोफिनॅक बंद झाले, कारण दुसरे तर गाईच्या शरीरात जाऊन डायक्लोफिनॅकच होते. २०२४ च्या अखेरीस निमेसुलाइडचीही पाळी आली. प्रत्येक बंदीमागे कुणीतरी कलेवर वेळेत उचलून तपासल्याचा इतिहास आहे.

उपग्रह कशासाठी?

मग आज पक्ष्यांच्या पाठीवर यंत्रे का लावायची? कारण भरतपूरची आणि पुण्याची अडचण अजून संपलेली नाही. रानात मेलेला पक्षी सापडणे हा योगायोग असतो. रस्त्याकाठी मेला तर दिसतो. दरीत, शेतात, कपारीत मेला तर कोल्हे-कुत्रे त्याचा फडशा पाडतात. त्यामुळे नुसत्या सापडलेल्या कलेवरांवरून हिशेब मांडला तर वाहनांखाली मेलेले जास्त वाटतात आणि विषाने मेलेले कमी. टॅग लावलेला पक्षी कुठेही मेला तरी आपली जागा सांगतो. म्हणजे हिशेबातला पक्षपात जातो.

यंत्र अगदी साधे असते. पाठीवर दप्तरासारखे बांधलेले, सौर ऊर्जेवर चालणारे, पक्ष्याच्या वजनाच्या सुमारे ३ टक्क्यांहून जड नसावे असा दंडक. ते ठिकाण नोंदवते, हालचाल नोंदवते आणि मोबाइलच्या जाळ्यातून किंवा उपग्रहामार्फत निरोप धाडते. एकाच जागेवर बिंदू साचू लागले, हालचालीची रेघ सपाट झाली की पडद्यासमोरच्या माणसाच्या पोटात गोळा येतो.

इथून पुढे यंत्राचे काम संपते आणि माणसाचे सुरू होते. माणूस तिथे पोहोचतो. कलेवर उचलण्याआधी आसपासचे फोटो काढतो. वर विजेच्या तारा आहेत का? शेजारी अर्धवट खाल्लेले ढोर आहे का? त्याभोवती कुत्री, कावळेही मेलेले आहेत का? असतील तर कुणीतरी बिबट्यासाठी किंवा भटक्या कुत्र्यांसाठी मांसात विष कालवले असण्याची शक्यता असते. म्हणून हातमोज्यांशिवाय शिवायचे नाही. पायांवर किंवा पिसांवर भाजल्याच्या खुणा असतील तर विजेचा धक्का. पंखाचे हाड मोडलेले पण भाजलेले काही नाही, तर तारेला धडक. क्ष-किरणात छर्रे दिसले तर बंदूक. छातीचे हाड टोकदार वर आलेले आणि मांस झडलेले, तर उपासमार किंवा जुना आजार. अवयवांवर पांढरा थर दिसला तर मूत्रपिंडाचा तुकडा विषतपासणीला. कलेवर बर्फात थंड ठेवायचे, पण ऊतक सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे असेल तर गोठवायचे नाही, कारण गोठले की पेशी फुटतात. शेवटी स्वतःलाही विचारायचे की आपल्या पट्ट्यानेच तर त्याला इजा झाली नाही ना?

आणि इतके करूनही उत्तर मिळाले नाही तर वहीत 'अनिश्चित' असे लिहायचे. हा शब्द लिहायला धैर्य लागते. चुकीचे कारण नोंदवले की उपायही चुकीचा होतो आणि पक्षी मरतच राहतात.

कधी कधी कलेवरच मिळत नाही, आणि तेही बोलते. स्कॉटलंडमध्ये २००४ ते २०१६ या काळात १३१ सुवर्ण गरुडांना टॅग लावले होते. त्यांपैकी ४१ संशयास्पदरीत्या नाहीसे झाले. धडधाकट चाललेले यंत्र एकाएकी गप्प. २०१७ मध्ये सरकारी अहवालाने या ठिकाणांचा नकाशा काढला तेव्हा ती शिकारीसाठी राखलेल्या काही माळांभोवती एकवटलेली दिसली. एक टॅग बंद पडला तर तो बिघाड म्हणता येतो. एकाच परिसरात अनेक बंद पडले तर तो पुरावा होतो. आपल्याकडे मणिपुरात २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये 'मणिपूर' असेच नाव दिलेला अमूर ससाणा टॅग लावल्यावर काही दिवसांतच शिकाऱ्याच्या हातून मेला. टॅगमुळेच तो सापडला आणि शिकार थांबली नसल्याचे उघड झाले.

माळढोकाची कथा तर आपल्या दोन्ही घरांची. सोलापूरजवळ नान्नजला त्याच्यासाठी अभयारण्य झाले, इकडे शिवपुरी जिल्ह्यात करेराला झाले. करेरातून तो नव्वदच्या दशकात नाहीसा झाला. का, याचे नेमके उत्तर द्यायला तेव्हा टॅग नव्हते. पुढे राजस्थानच्या थरमध्ये भारतीय वन्यजीव संस्थेने विजेच्या तारांखालून चालत जाऊन मेलेले पक्षी मोजले आणि सुमारे ४,२०० चौरस किलोमीटरच्या परिसरात वर्षाला ८४ हजारांच्या आसपास पक्षी तारांमुळे मरत असावेत असा अंदाज काढला. माळढोकाला समोरचे नीट दिसत नाही, जड शरीर झटकन वळत नाही. या मोजदादीमुळेच तारांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२१ मध्ये त्यावर आदेश निघाला.

मारीच आणि त्याचे सोबती

आता आपल्या प्रदेशाकडे येऊ. २०२२ मध्ये पन्ना व्याघ्र प्रकल्पात २५ गिधाडांना टॅग लावले गेले. भोपाळच्या केरवा केंद्रात वाढवलेली ६ गिधाडे २०२५ च्या एप्रिलमध्ये हलाली धरणाच्या परिसरात टॅगसह सोडली. त्याआधी काही दिवस तिथूनच एक युरेशियन ग्रिफॉन गिधाड उडाले होते. सतना जिल्ह्यात ते जखमी सापडले, मुकुंदपूर आणि भोपाळच्या वनविहारात त्याच्यावर उपचार झाले. नाव ठेवले मारीच! ते पाकिस्तान, अफगाणिस्तान ओलांडून थेट कझाकस्तानापर्यंत गेले आणि हिवाळ्याच्या तोंडाशी राजस्थानात परतले. प्रवास सुमारे १५ हजार किलोमीटर. तिकडे महाराष्ट्रात २०२४ मध्ये पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून आणलेली गिधाडे ताडोबा आणि पेंचच्या रानात सोडली. त्यांतले एक तमिळनाडूपर्यंत जाऊन पोहोचले.

या बातम्या आपण कौतुकाने वाचतो. पण टॅगचा खरा हेतू प्रवासवर्णन हा नाही. पिंजऱ्यात वाढवलेले पिल्लू बाहेर सोडणे म्हणजे एक प्रश्न विचारणे आहे: डायक्लोफिनॅक खरोखर गेले का? आपली ढोरे आता गिधाडाला खाण्यालायक आहेत का? पक्षी जगला तर उत्तर होय. मेला तर का मेला, हे कळलेच पाहिजे. नाहीतर त्या पिल्लाचा जीव फुकट गेला.

मध्य प्रदेशातली गिधाडांची मोजणी आशा वाढवणारी आहे. २०२१ मध्ये ९,४४६, २०२४ मध्ये १०,८४५, २०२५ मध्ये १२,९८१. यात हिवाळी पाहुणेही आहेत आणि मोजणारे हातही वाढले आहेत, हे लक्षात ठेवून आनंद मानावा.

इंदूरकरांचे काम

आपण स्वच्छतेत पहिले आलेले शहर. देवगुराड्याचा कचऱ्याचा डोंगर गेला, हे चांगलेच झाले. पण आता शहराच्या सीमेबाहेर मेलेले जनावर जिथे टाकले जाते, तिथे ते कोणत्या इंजेक्शनसह टाकले जाते, हा प्रश्न उरतो. आपल्यापैकी किती तरी घरांतून गोशाळांना देणगी जाते. पुढच्या वेळी पावती घेताना तिथल्या डॉक्टरांना विचारावे, दुखण्यावर कोणते औषध देता? मेलॉक्सिकॅम किंवा टोल्फेनॅमिक ॲसिड असे उत्तर आले तर निश्चिंत व्हावे. महूला आपले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, जबलपूरला वन्यप्राण्यांच्या न्यायवैद्यकाचा अभ्यास होतो. नव्या पिढीतल्या कुणा मुलामुलीला डॉक्टर व्हायचे असेल तर ही वाटही आहे, हे त्यांना कळू द्यावे.

आणि कधी सहलीत, गिद्धिया खोहच्या कड्याखाली किंवा शेतावर, मेलेले वा मान टाकलेले गिधाड दिसले तर हात लावू नये. फोटो काढावा, जागा नोंदवावी, पाठीवर यंत्र किंवा पायात कडे असल्यास क्रमांक टिपावा आणि त्याच दिवशी वन विभागाला कळवावे. उद्या नको. उद्यापर्यंत पुरावा कुजतो.

रामाने जटायूला मांडीवर घेतले, त्याचे ऐकून घेतले आणि पित्याला द्यावा तसा त्याला अग्नी दिला. ऐकून घेणे आधी, अंत्यसंस्कार नंतर. पुण्याच्या टेबलापाशी उभ्या राहिलेल्या त्या माणसांनी तेच करायचा प्रयत्न केला होता. त्यांच्यापर्यंत जबाब अर्धवट पोहोचला, कारण मधल्या वेळात तो पुसला गेला होता. आता निरोप लवकर येतो. तो आल्यावर वेळेत पोहोचायचे काम मात्र अजून माणसाचेच आहे.